तंजावरची वीणा विमानात नेताना

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख आठवतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा हा इतिहास आजही तेथे वाचता येतो. त्याच गावातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे दप्तर जतन केलेले आहे. परंतु तंजावरहून जगभर जाणारी वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर शिलालेख अथवा दप्तर नव्हे, तर वीणा असे द्यावे लागेल. फणसाच्या लाकडाची, चोवीस पडद्यांची, व्याळमुखाची ही वीणा आज सिंगापूरपासून अमेरिकेपर्यंत अनेक घरांत वाजते. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ती तेथवर पोहोचते कशी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात लाखाच्या घरातील किंमत, गुरूकडून आलेली वस्तू आणि ठरलेली मैफल या तिन्ही गोष्टी एका पेटीत बंद करून विमानतळावरील पट्ट्यावर ठेवण्याचा हा प्रसंग असतो. त्या वेळी कोणता नियम लागू होतो आणि नुकसान झाल्यास किती भरपाई मिळते, याची माहिती बहुतेक प्रवाशांना पेटी उघडल्यानंतरच होते. ती आधी व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

वाद्याची घडण

आजच्या चोवीस पडद्यांच्या वीणेचे श्रेय परंपरा तंजावरच्या रघुनाथ नायक या राजाला देते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो तेथे राज्य करीत होता. त्यानंतर आलेल्या भोसले राजांनीही संगीताला उदार आश्रय दिला. तुळजाराजांचा ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ त्याची साक्ष आहे.

सतार आणि तंजावरची वीणा यांच्या घडणीत एक मूलभूत फरक आहे. मिरजेच्या सतारीचा अथवा तंबोऱ्याचा भोपळा खरोखरीचा वाळवलेला भोपळा असतो. म्हणून वाद्य हलके परंतु नाजूक असते. तंजावरच्या वीणेचा मुख्य घट मात्र फणसाच्या लाकडातूनच कोरून काढतात. घट, दांडी आणि टोकाचे व्याळमुख एकाच ओंडक्यातून काढले असेल तर तिला एकांड वीणा म्हणतात. वेगवेगळे भाग जोडून केलेल्या वीणेपेक्षा तिला अधिक मान व अधिक किंमत असते. दांडीखालचा दुसरा, लहान भोपळा मात्र सुटा करता येतो. पूर्वी तो खऱ्या भोपळ्याचा असे. आता बहुधा कागदाच्या लगद्याचा अथवा फायबरचा असतो.

वीणेला सात तारा असतात. चार वाजविण्याच्या व तीन तालाच्या. पडदे धातूचे असतात, परंतु ते लाकडात खिळलेले नसून काळ्या मेणाच्या थरात बसविलेले असतात. मधमाशांच्या मेणात काजळी अथवा कोळशाची पूड मिसळून हा थर तयार करतात. प्रत्येक पडदा स्वराच्या नेमक्या जागी बसविणे हे स्वतंत्र कसब आहे. ते जाणणारे कारागीर तंजावर, चेन्नई, बंगळूर अशा ठिकाणी भेटतात. परदेशात ते क्वचितच आढळतात. विमानप्रवासात वीणेला असलेला खरा धोका येथूनच सुरू होतो.

धोका आकाशात कमी, जमिनीवर अधिक

उंचावरील थंडीने अथवा हवेच्या विरळपणाने वाद्य फुटते, असा समज सर्वत्र आढळतो. मोठ्या प्रवासी विमानांत सामानाच्या कक्षातील हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच राखलेला असतो. तेथे गारवा व कोरडेपणा असतो हे खरे. कोरड्या हवेत लाकूड किंचित आकसते व तारांचा ताण बदलतो. परंतु खरा त्रास होतो तो धावपट्टीलगत उन्हात उभ्या असलेल्या सामानगाडीवर. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते. वैशाखातील तंजावरात बंद मोटारीच्या मागील कप्प्यात अथवा उन्हातील डांबरी फरसावर तापमान कोठवर चढते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मेण मऊ पडले आणि वरून तारांचा दाब असला की पडदा केसभर सरकतो. वाद्य दिसायला जसेच्या तसे असते, स्वर मात्र जागा सोडतात.

दुसरा धोका आघाताचा. दांडी व घट यांचा सांधा, वळलेले व्याळमुख आणि खुंट्या या तीन जागा सर्वांत दुर्बळ. पेटी आडवी पडली तरी फारसे बिघडत नाही. ती उभी असताना कोसळली तर दांडीला तडा जाण्याची भीती असते. एकांड वीणेची दांडी बदलता येत नाही. सांधून घेता येते, परंतु मग ती पूर्वीची एकांड वीणा राहत नाही.

अडचण वजनाची नव्हे, मापाची

साधारण चार फूट लांबीच्या वीणेचे वजन सात-आठ किलोच्या आसपास असते. कठीण कवचाच्या पेटीसह ते पंधरा-वीस किलोंपर्यंत जाते. देशांतर्गत प्रवासात साधारण श्रेणीच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो नोंदणीकृत सामान व ७ किलो हातसामान नेऊ देतात. एका नगाचे वजन ३२ किलोंपेक्षा अधिक नसावे, हा दंडक जवळजवळ सर्वत्र आहे. कारण ती पेटी शेवटी माणसालाच उचलावी लागते. वीणा या मर्यादेत सहज बसते. वरच्या किलोंचे शुल्क भरले की वजनाचा प्रश्न मिटतो.

मापाचा प्रश्न मात्र पैशाने नेहमीच सुटतो असे नाही. नोंदणीकृत नगाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत असावी, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. वीणेची पेटी १४० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४० उंच धरली तर बेरीज २२५ होते. अशी पेटी ‘अवाढव्य सामान’ या सदरात जाते. तिची पूर्वसूचना द्यावी लागते, वेगळे शुल्क पडते, आणि विमान लहान असेल तर जागेअभावी ती पुढील उड्डाणावर टाकली जाण्याची शक्यता राहते.

लहान विमानांनी बेटांमागून बेटे फिरणाऱ्या सर्वांनाच हे गणित परिचयाचे असते. कॅरिबियन समुद्रात सूर मारण्यासाठी जाणारे हौशी पाणबुडे जड हवेच्या टाक्या घरीच ठेवतात व मुक्कामाच्या बेटावर भाड्याने घेतात. श्वसनयंत्र व मुखवटा हाती ठेवून बाकीचे सामान दोन पिशव्यांत विभागतात. वादकाला ही सोय नाही. हाताला सवय झालेली वीणा भाड्याने मिळत नाही, आणि एकांड वीणेचे दोन नग करता येत नाहीत.

मार्गाची निवड

तंजावरला नियमित प्रवासी विमानसेवेचा आधार नाही. सर्वांत जवळचा मोठा विमानतळ तिरुच्चिराप्पळ्ळीचा. तो रस्त्याने साधारण साठ किलोमीटर अंतरावर आहे. तेथील नव्या टर्मिनलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. सिंगापूर, कोलंबो अशा ठिकाणी तेथून थेट विमाने जातात. चेन्नईला जाण्यासाठी मात्र पुष्कळदा पंख्यांची, सत्तर-ऐंशी आसनांची विमाने असतात. त्यांचा सामानकक्ष लहान असतो.

म्हणूनच दूरदेशी निघालेल्या वीणेसाठी पहिला टप्पा रेल्वेने करणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. तंजावरहून चेन्नईच्या एळुंबूर स्थानकाकडे रात्री निघणारी उळवन एक्सप्रेस आहे. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या या प्रवासात वीणा प्रवाशाच्या नजरेसमोर राहते, आणि चेन्नईला पोहोचल्यावर ती एकदाच, मोठ्या विमानात चढते. सामानाची प्रत्येक चढउतार हा एक धोका असतो. एक बदल कमी झाला की एक धोका कमी होतो.

वीणा विमानात नेण्याचे मार्ग चार आहेत. पहिला, तिच्यासाठी शेजारचे आसन विकत घेण्याचा. अनेक कंपन्या ही सोय देतात, मात्र ती आरक्षणाच्या वेळीच मागावी लागते व पेटीच्या मापाला मर्यादा असते. दुसरा, नोंदणीकृत सामानात देण्याचा. बहुसंख्य वीणा अशाच जातात. तिसरा, हवाई मालवाहतुकीने स्वतंत्र पाठविण्याचा. चौथा, दांडी सुटी होणारी प्रवासी वीणा नेण्याचा. अशा वीणा आता दक्षिणेत तयार होतात व त्यांची पेटी बरीच लहान असते. त्यांत विजेरी असेल तर सुटी लिथियम विजेरी हातसामानातच ठेवावी लागते.

अमेरिकेत या बाबतीत स्पष्ट कायदा आहे. २०१२ च्या कायद्यानुसार तयार झालेले नियम २०१५ मध्ये लागू झाले. त्यांनुसार लहान वाद्य जागा असल्यास हातसामान म्हणून स्वीकारणे अमेरिकी कंपन्यांना बंधनकारक आहे. मोठे वाद्य पेटीसह १६५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ किलोंपर्यंत असेल आणि तिन्ही मापांची बेरीज १५० इंचांच्या आत असेल, तर ते नोंदणीकृत सामानात घ्यावे लागते. विमानाचा आकार व सुरक्षितता यांची अट अर्थातच असते. १५० इंच म्हणजे ३८१ सेंटिमीटर. वर धरलेली २२५ सेंटिमीटरची पेटी त्यात आरामात बसते. क्लीव्हलँड येथे १९७८ पासून भरणाऱ्या त्यागराज आराधनेस निघालेल्या वादकाने प्रवास कोणत्या कंपनीचा आहे हे पाहून हा नियम ध्यानी ठेवावा. इतर देशांच्या कंपन्यांना तो सरसकट लागू नाही.

नुकसानभरपाईचे गणित

बँकेच्या ग्राहकांनी विशेष लक्ष द्यावे असा हा भाग आहे. आंतरराष्ट्रीय हवाई प्रवासातील सामानाची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला. करारात भरपाईची मर्यादा कोणत्याही एका देशाच्या चलनात दिलेली नाही. ती ‘विशेष आहरण हक्क’ या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एककात मोजतात. डॉलर, युरो, युआन, येन व पौंड या पाच चलनांच्या समूहावरून त्याचे मूल्य ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी ही मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एकके आहे. ढोबळमानाने ही रक्कम दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास जाते. ही मर्यादा प्रवाशामागे आहे, नगामागे नव्हे. वीणा आणि कपड्यांची पेटी दोन्ही हरवल्या तरी मर्यादा तीच.

देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा बरीच खाली येते. नागरी विमान वाहतूक खात्याच्या प्रवासी सनदेत ती प्रत्येक प्रवाशामागे २०,००० रुपये दिलेली आहे. येथे तिकिटाच्या स्वरूपाला महत्त्व प्राप्त होते. तिरुच्चिराप्पळ्ळी ते चेन्नई व चेन्नई ते सिंगापूर हा प्रवास एकाच करारान्वये, एकाच तिकिटावर असेल तर पहिला टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग समजला जातो. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडली म्हणून घेतली, आणि पहिल्या टप्प्यात दांडीला तडा गेला, तर देशांतर्गत मर्यादा लागू होते. तिकिटात वाचलेले हजार-दोन हजार रुपये अशा वेळी फार महागात पडतात.

मालवाहतुकीने पाठविलेली वीणा अधिक सुरक्षित, असाही एक समज आहे. हाताळणी कदाचित अधिक काळजीची असेल. भरपाईचे गणित मात्र उलट आहे. मालासाठी मर्यादा किलोमागे मोजतात व २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोमागे २६ एकके आहे. वीस किलोंच्या पेटीला त्या हिशेबाने ५२० एकके मिळतात, म्हणजे प्रवाशाच्या सामानाला मिळणाऱ्या मर्यादेच्या जवळजवळ एक तृतीयांश. हलक्या परंतु मौल्यवान वस्तूला किलोचा हिशेब कधीच मानवत नाही.

या मर्यादेवर करारातच एक उपाय आहे. सामान सोपविताना प्रवाशाने त्याच्या मूल्याचे विशेष घोषणापत्र दिले व त्यासाठी मागितलेले जादा शुल्क भरले, तर कंपनीची जबाबदारी घोषित रकमेपर्यंत वाढते. मालवाहतुकीलाही ही तरतूद आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण खिडकीवरील घाईत ती कोणी विचारत नाही. प्रवासाच्या काही दिवस आधी कंपनीशी लेखी संपर्क साधून ही सोय व तिचे शुल्क विचारून घ्यावे.

खिडकीवर आणखी एका कागदाकडे लक्ष द्यावे. नाजूक वस्तू स्वीकारताना कंपनीचे कर्मचारी पुष्कळदा ‘मर्यादित जबाबदारी’ची चिठ्ठी सहीसाठी पुढे करतात. वेष्टन अपुरे असल्याची नोंद तीवर असेल तर पुढे दावा करणे अवघड होते. पेटी कठीण कवचाची असेल तर तसे सांगून ती नोंद वगळण्याची विनंती करावी. सही करण्यापूर्वी चिठ्ठी वाचण्याचा वेळ मागणे हा प्रवाशाचा हक्क आहे.

राहिला विमा. साधारण प्रवासविम्यात वाद्ये पुष्कळदा वगळलेली असतात, अथवा एका वस्तूमागील रक्कम फार थोडी असते. मौल्यवान वीणेसाठी सर्व जोखमींचा स्वतंत्र विमा उतरविता येतो. त्यात परदेशातील वास्तव्य व विमानातील वाहतूक समाविष्ट आहे काय, हे अटींत पाहावे. कारागिराची पावती, मूल्यांकन आणि चारही बाजूंची तारीखवार छायाचित्रे यांवाचून कोणताही दावा उभा राहत नाही. जुन्या वीणेची पावती नसते. अशा वेळी जाणत्या कारागिराकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावे.

सीमाशुल्क व वन्यजीव कायदा

परत येताना वीणा परदेशात खरेदी केल्याचा संशय येऊ नये, यासाठी निघतेवेळी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठी वाद्य दाखवावे लागते. म्हणून पेटी विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे व तेवढा वेळ हाती ठेवावा.

जुन्या वीणांवर हस्तिदंताची अथवा हरणाच्या शिंगाची नक्षी असते. आता तिची जागा बहुधा प्लॅस्टिकने घेतली आहे. हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी बंदी आहे, आणि वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात भारत १९७६ पासून सहभागी आहे. आजोबांच्या वीणेवरील दोन बोटांची हस्तिदंती पट्टी परदेशी विमानतळावर वाद्य जप्त होण्यास पुरेशी ठरू शकते. अशी वीणा घरीच ठेवावी. फणसाच्या लाकडावर मात्र असे निर्बंध नाहीत.

निघण्यापूर्वी

प्रवासाच्या आदल्या दिवशी तारा सैल कराव्यात, परंतु पूर्ण उतरवू नयेत. घोडीवर थोडा दाब राहिला तर ती जागेवर राहते. किती सैल करावयाच्या हे वीणेच्या कारागिरालाच विचारावे. लहान भोपळा काढून कापडात गुंडाळून वेगळा ठेवावा. दांडीखाली तिच्या संपूर्ण लांबीभर मऊ आधार द्यावा आणि व्याळमुखाभोवती पोकळी राहू देऊ नये. पेटी हलविल्यावर आत काहीही सरकता कामा नये. पेटीवर पांढरे अथवा फिकट आवरण घातल्यास उन्हाचा ताप कमी लागतो. शक्य असल्यास पहाटेचे अथवा रात्रीचे उड्डाण निवडावे.

जादा तारा, पक्कड व इतर हत्यारे नोंदणीकृत सामानात द्यावीत. हातसामानात ती अडवली जाऊ शकतात. डाव्या हाताच्या बोटांना लावावयाच्या तेलाची कुपी हातसामानात असेल तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात ती १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी. पेटीच्या आत व बाहेर नाव, पत्ता व मुक्कामाचा दूरध्वनी लिहून ठेवावा.

पोहोचल्यावर पेटी विमानतळावरच उघडावी, मग मागे कितीही रांग असो. हानी दिसल्यास तेथेच सामान-तक्रारीची नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात हानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि विलंबाची एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सात दिवसांची मुदत चुकली तर दोन वर्षांच्या मुदतीचा उपयोग राहत नाही. पडदे सरकल्याची हानी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुक्कामी पोहोचताच तारा चढवून प्रत्येक स्वर तपासावा आणि शंका आल्यास मुदतीच्या आत कळवावे.

या साऱ्या तयारीला एक दिवस लागतो. मेणाच्या थरात चोवीस पडदे नव्याने बसविण्यास जाणता कारागीर लागतो, आणि तो तंजावरात असतो. वीणेचे रक्षण विमानतळाच्या खिडकीवर होत नाही. ते त्याआधी घरात, कागद व फीत हाती घेऊन बसलेल्या माणसाकडून होते.